एक जादा ताट

हिनोसावा, ९ ऑक्टोबर २०२३

इसामू,

काल आईचा सातवा दिवस झाला. देवळातले भिक्षू येऊन सूत्रं म्हणून गेले. शेजारच्या हात्सुएकाकू होत्या आणि मी. तुझ्यासाठी आसन मांडलं होतं, ते संध्याकाळी उचललं. टोमणा मारत नाही, काय झालं ते कळवते आहे.

दाहगृहात आपण दोघांनी काड्यांनी मिळून राखेतून आईचं हाड उचललं, तेव्हा तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आता तरी खरं लिही, ताई." मग तीनच्या गाडीनं निघून गेलास. पंचवीस वर्षांत तू माझ्याशी बोललेलं हे एकच वाक्य. गेले पाच दिवस मी ते घेऊन बसले आहे.

खरं म्हणजे काय? मी खोटं कधी लिहिलं?

मी आयुष्यभर एकच काम केलं. माणसं काय खातात ते मोजायचं आणि त्यांतल्या कुणाला पोटाचा कॅन्सर होतो ते पाहायचं. आकडे जसे होते तसे लिहिले. बाबा गेले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हिच्या कागदानं बाबांना खाल्लं." ते दुःखाच्या भरात बोललास असं मी धरून चालले. आता मात्र तू भरात नव्हतास. आवाज अगदी शांत होता.

मी हे का विचारते आहे तेही सांगते. येत्या २० नोव्हेंबरला प्रांताच्या आरोग्य समितीची बैठक आहे. दरवर्षी आपल्या खोऱ्यात पोटाच्या तपासणीची गाडी येते, ती पुढच्या वर्षापासून बंद करायची आणि घरोघरी मीठ कमी करायला सांगत फिरणाऱ्या परिचारिकेचं कामही थांबवायचं, असा प्रस्ताव आहे. माणसं कमी उरली आहेत हे एक कारण. दुसरं कारण म्हणून माझा शहाऐंशी सालचा लेख जोडला आहे. हिनोसावात दोष मिठाचा नाही, असं त्यात आहे. मी समितीची सल्लागार, म्हणून तो लेख मांडायला मलाच बोलावलं आहे.

त्याआधी तुझ्या वाक्याचा अर्थ कळला तर बरं.

रोज सकाळी आईच्या फोटोपुढे ताट ठेवते. भात, सोयाबीनच्या खारट मिसोचं सूप, एक भाजी. एकोणपन्नास दिवस ठेवायचं. तो शेवटचा दिवस १९ नोव्हेंबर, म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी येतो.

आणखी एक. दाहगृहात तू बरगड्यांच्या खाली हात दाबून उभा होतास. दुखतं का?

फुमिए


हिनोसावा, १६ ऑक्टोबर

इसामू,

तुझं उत्तर नाही. पण उत्तर दुसरीकडून आलं असावं असं वाटतं. जसं घडलं तसं लिहिते.

काल चौदावा दिवस. सकाळी हात्सुएकाकू आळिंबी घेऊन आल्या. आईपुढचं ताट उतरवून मी सूप गरम केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"फुमिए, हे कुणासाठी केलंस?"

"आईसाठी."

"तोकीसाठी? अगं, हे पाहणीचं सूप आहे!"

"कसली पाहणी?"

"तुझीच की. चौऱ्याऐंशी सालची. आम्ही बायका अजून म्हणतो ना. कुणाच्या घरी अळणी झालं की, 'काय गं, आज पाहणी आहे वाटतं?'" आणि त्या हसायला लागल्या. मी हसत नाही हे बघून थांबल्या. "तुला माहीत आहे ना?"

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. पाहणीच्या आठवडाभर आधी आईनं महिला मंडळाच्या सगळ्या बायकांना समाजघरात बोलावलं. ती तेव्हा अध्यक्ष होती. म्हणाली, "माझी पोर येतेय मोजायला. बरोबर सेंदाईचे मोठे प्रोफेसर आहेत. आपली वाटी चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं, तर खाली मान तिला घालावी लागेल. एवढं माझ्यासाठी करा."

"काय करा?"

"दोन पातेली. एक घरचं, एक पाहणीचं. घरच्यांना नेहमीचं, आणि ते जादा ताट तुम्ही न्यायचात ना, त्यात फिकं. साकूनं तर मुळ्याचं लोणचं तीन पाण्यांतून धुतलं. एवढा धुरावलेला मुळा, कापसासारखा झाला बिचारा."

"किती घरांनी?"

"बासष्टच्या बासष्ट. तोकीचा शब्द कोण मोडणार?"

मी विचारलं, मला कुणी कधी सांगितलं कसं नाही. त्यांनाच नवल वाटलं. "एवढी शिकलेली तू, चवीवरून कळलं नाही?"

"आम्ही चव घेत नाही, काकू. दिवसभराचं ताट एकत्र दळतो आणि त्याचा चमचाभर नमुना यंत्रात घालतो."

"दळलंत?" त्यांनी वाटी आणखी लांब सरकवली. "मी त्यात नदीतला सगळ्यात मोठा मासा घातला होता. आम्हाला वाटलं, प्रोफेसर जेवणार!"

इसामू, हेच का ते? दोन पातेली तू बघितली होतीस का? तेव्हा तू पंचवीस वर्षांचा होतास आणि घरीच होतास. मी समाजघरात बसून ताटं घेत होते. स्वतःच्या घराकडे झुकतं माप नको म्हणून तिन्ही दिवस मी घरी पाऊल टाकलं नाही. मंडळाच्या वसतिगृहात झोपले. याचा मला अभिमान होता.

फुमिए


हिनोसावा, २५ ऑक्टोबर

इसामू,

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. म्हणून तपासलं. हात्सुएकाकूंना आईच्याच मिसोचं सूप त्यांच्या हातानं करायला लावलं, "पाहणीच्या आधी करायचात तसं." त्यात मीठ मोजायची कांडी बुडवली. माझ्या सुपाच्या दुप्पट आकडा आला. काकूंनी कांडीकडे बघून विचारलं, "पास झाले का?"

त्या बासष्ट बायकांतल्या सात जणी हयात आहेत. सातही जणींकडे जाऊन आले. पाच जणींनी तेच सांगितलं. एकीला आठवत नाही. साकूआजी वृद्धाश्रमात आहेत. मला बघून त्यांनी आधी माफी मागितली आणि मग विचारलं, "तुझा नंबर पहिला आला ना?"

आता काय झालं होतं ते नीट मांडते. तुला त्या लेखात काय होतं ते बहुधा वर्तमानपत्रातूनच माहीत असेल.

ताटांतून निघालेलं मीठ माणशी दिवसाला दहा ग्रॅम. सेंदाई शहरात तेव्हा तेवढंच होतं. पण पोटाचा कॅन्सर आपल्या खोऱ्यात शहराच्या दुप्पट. सगळे मिठाला दोष देत होते, आणि मी, अठ्ठावीस वर्षांची, दाखवून दिलं की इथे तो हिशेब बसत नाही. पाहणीचे प्रोफेसर निइदा सरांनी लेखावर माझं नाव पहिलं घातलं. त्यावर मला नोकरी मिळाली. पुढची वीस वर्षं मी दुसरं कारण शोधत होते. विहिरींचं पाणी, शेतातली माती, मुळे धुरावतात त्या लाकडाचा धूर. काही सापडलं नाही. सापडणार कुठून?

आणि बाबा. बाबांनी ते कात्रण चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं होतं. सुट्टीला आले की मला दिसायचं. सुपाची दुसरी वाटी मागताना ते कात्रणावर बोट टेकवायचे. "माझी मुलगी म्हणते, मीठ चालतं." मी असं म्हटलं नव्हतं. पण त्यांना मी दुरुस्त केलं नाही. कॅन्सर-तपासणीच्या गाडीत जाणंही त्यांनी बंद केलं. "पोटाच्या फोटोसाठी ते खडूचं पाणी कशाला प्यायचं, आपल्या घरचा शास्त्रज्ञ आहे ना?" अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत कळलं, फेब्रुवारीत गेले.

मला आईचा राग आला आहे. चौकटीतल्या फोटोसमोर रोज ताट ठेवते आणि राग येतो. बारा वर्षं तिनं ते कात्रण रोज पाहिलं. बाबा बोट टेकवायचे तेव्हा ती चुलीपाशीच असायची. एक वाक्य बोलली असती तर. मी निवृत्त होऊन परत आल्यावर तीन वर्षं आम्ही दोघी या घरात होतो. मी करीन ते अळणी ती जेवत होती आणि दर वेळी म्हणत होती, "चांगलं झालंय." हात्सुएकाकू तिला लपवून लोणचं आणून द्यायच्या. ती नुसता वास घ्यायची आणि डबा परत द्यायची, असं त्या म्हणतात.

आता माझं मागणं. मी समितीला सांगायचं ठरवलं आहे की पाहणीची ताटं खरी नव्हती. पण म्हाताऱ्या बायकांच्या आठवणींवर चाळीस वर्षांपूर्वीचा लेख कोण मागे घेईल? तू घरातला माणूस, तेव्हा प्रौढ होतास. तू लिहून दे. तोकी मुनाकाता, महिला मंडळाच्या अध्यक्ष, यांनी असं करायला सांगितलं, असं. दोन ओळी पुरतील. सही आणि तारीख.

फुमिए


हिनोसावा, ४ नोव्हेंबर

इसामू,

तुझं कार्ड मिळालं. पंचवीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. बाबांसारखं झालं आहे.

"आईचं नाव घेऊ नकोस. ताईला कळू देणार नाही असा शब्द तिनं माझ्याकडून घेतला होता, ती होती तोवर पाळला. पण तुझ्याकडे बाटल्याही होत्या. मीच आणून दिल्या."

दोन ओळी पुरतील असं मीच लिहिलं होतं. तू चार लिहिल्यास.

बाटल्यांचं उत्तर देते. हो, तिसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून एकाची चोवीस तासांची लघवी घेतली होती. तू बागेच्या छोट्या ट्रकमधून त्या पेट्या समाजघरात आणल्यास हेही आठवतं. सफरचंदांच्या पेट्या होत्या. पण ती मोजणी नीट झाली नव्हती. चोवीस तास प्रत्येक थेंब बाटलीत धरायचा असतो, आणि ऐन कापणीचे दिवस होते. लोक शेतात होते. बाटल्या सांडल्या, अर्धवट भरल्या. निइदा सर म्हणाले, "खेड्यातल्या लोकांना हे जमत नाही, मुनाकाता. ती मोजणी सोडून द्या." म्हणून लेखात घेतली नाही. यात लपवण्यासारखं काही नाही.

काल समितीचे अध्यक्ष तोगाशी यांना फोन केला. ते माझे विद्यार्थी. तुला त्यांचं बोलणं कळवते म्हणजे माझी अडचण कळेल.

"मॅडम, तुम्ही आत्ता शोकात आहात," ते म्हणाले. "आई गेल्यावर माणसाला सगळंच चुकल्यासारखं वाटतं. माझंही झालं होतं."

मी म्हटलं, "हे वाटण्याचं काम नाही. ताटं खोटी होती."

"बरं, होती. पण त्या सगळ्या काकू-आज्या. कोण छापणार, 'गावानं शास्त्रज्ञांना फसवलं'? वर्तमानपत्रवाले तुमच्या दारात येतील. तुमच्या आईंचा फोटो मागतील."

"मग गाडीचं काय?"

"गाडीत गेल्या वर्षी एकोणचाळीस माणसं आली, मॅडम. एकोणचाळीस! त्यांतली निम्मी गप्पा मारायला." मग आवाज हळू करून म्हणाले, "असं करा ना. वीस तारखेला येऊच नका. आदल्या दिवशी एकोणपन्नासावा दिवस आहे, कुणी काही म्हणणार नाही. लेख आहे तसा राहील. तुम्ही तो मांडला असंही होणार नाही, मोडला असंही होणार नाही."

मी विचार करून सांगते म्हटलं.

तू आईचं नाव घेऊ नको म्हणतोस. तोगाशी काहीच बोलू नका म्हणतात. ते नाव न घेता ताटं का खोटी होती हे मी कसं सांगू, ते तूच सांग.

पोटाबद्दल विचारलं होतं. त्यावर तू काही लिहिलं नाहीस.

फुमिए


हिनोसावा, १२ नोव्हेंबर

इसामू,

मागच्या पत्रात मी बाटल्यांबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. पत्र पेटीत टाकतानाच मला ते माहीत होतं.

सांडलेल्या बाटलीत मीठ कमी दिसतं. जास्त कधीच दिसत नाही. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. आणि आपल्या खोऱ्यातल्या बाटल्यांत ताटांच्या दुप्पट मीठ होतं. माणशी वीस ग्रॅम. एकोणसाठ बाटल्या. तीन खरंच सांडल्या होत्या, त्या मी मोजल्याच नव्हत्या.

आज माळ्यावरून ती पेटी काढली. निवृत्त झाल्यावर सगळी टिपणं इथे आणली होती. वहीच्या उजव्या पानावर बाटल्यांचे आकडे आहेत, माझ्या अक्षरात, शाई अजून निळी आहे. घरानुसार. क्रमांक सतरा आपलं घर. बाबांची बाटली. तेवीस ग्रॅम.

पानाच्या खाली मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "ताट आणि बाटली जुळत नाही. का?" एवढंच. त्या "का"च्या खाली दोन रेघा आहेत.

मग ती वही मी सरांकडे नेली. ते सिगारेट ओढत होते. पान बघून म्हणाले, "तुम्हाला लेख हवा आहे की कोडं?" मी वही मिटली. तेव्हा ते म्हणाले, "खेड्यातल्या लोकांना जमत नाही, असं एक वाक्य घाला." ते वाक्य खोटं आहे हे मला कळत होतं आणि त्यांनाही. मी घातलं. त्या लोकांत माझे बाबा होते. त्यांनी भर कापणीत, दोरीनं बाटली कमरेला बांधून, एक थेंब न सांडता ती भरली होती. तू ती आणून देताना म्हणालास, "बाबा म्हणतात, मोजून घे, काठोकाठ आहे." मी हसले होते.

आईनं काही केलं नसतं तरी खरं माझ्या हातात होतं. आईनं काही केलं म्हणून ते माझ्या हातातून गेलं नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं आणि मी ते कधी स्वतःला पूर्ण वाक्यात सांगितलं नाही. हात्सुएकाकूंनी दोन पातेल्यांचं सांगितलं तेव्हा मला धक्का बसला, पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं. दोष ठेवायला दुसरं कुणी मिळालं म्हणून.

तुझ्याकडे सही मागितली, ती आता नको.

वीस तारखेला जायचं की नाही ते अजून ठरलं नाही. भीती वाटते. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं त्या टेबलाभोवती असतील. माझ्या लेखावर पुढचे लेख उभे आहेत, त्यांतले काही त्यांचे आहेत. तोगाशींचा रोज फोन येतो. "मॅडम, विश्रांती घ्या." त्यांना हो म्हणायला फक्त काही न करणं पुरेसं आहे.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी दहाला भिक्षू येतील. तुला हाकोदातेहून आदल्या दिवशी निघावं लागेल. आसन मांडीन.

फुमिए


हिनोसावा, २१ नोव्हेंबर

इसामू,

तू काल सकाळी साडेसहाच्या बसनं गेलास. मी आठच्या बसनं गेले. एकाच रस्त्यानं. तुला थांबायला सांगायला हवं होतं, पण मला वाटलं तू नाही म्हणशील, आणि तुला बहुधा वाटलं मी जाणार नाही. म्हणून काय झालं ते लिहून कळवते.

त्याआधी परवाचं. भिक्षू गेल्यावर आईपुढचं शेवटचं ताट उतरवलं. तू सूप तोंडाला लावलंस आणि हात्सुएकाकूंकडे बघितलंस.

"माझ्याकडे काय बघतोस? तिनंच केलंय," काकू म्हणाल्या. "मी फक्त पातेल्यापाशी उभी होते, पोलिसासारखी."

"खारट आहे," तू म्हणालास.

"मग? तुझी आई काय गोड करायची?"

तू वाटी संपवलीस. नंतर काकू भांडी घासायला उठल्यावर तू जे बोललास ते मी इथे पुन्हा लिहून ठेवते, कारण मला ते माझ्या अक्षरात हवं आहे.

"त्या तीन दिवसांत आई दोन जादा ताटं काढायची, ताई. एक तुझ्या पाहणीला. एक तुला."

"मला?"

"तू घराबाहेर होतीस ना. घरातलं माणूस लांब असलं की काढतात तसं. तू सेंदाईला गेल्यापासून रोजच काढायची. तुझ्या जागेवर ठेवायची, मागाहून मी खायचो. ते आमच्याच पातेल्यातलं असायचं. पाहणीच्या दिवसांतही."

म्हणजे समाजघरापासून सहा घरं सोडून, माझ्या जागेवर, तिन्ही दिवस खरं ताट ठेवलेलं होतं. मी झुकतं माप नको म्हणून घरी गेले नाही.

आता कालचं. टेबलाभोवती अकरा माणसं होती. तोगाशींनी मला बघून खुर्ची ओढून दिली, पण तोंड पांढरं पडलं होतं. मी जुनी वही नेली होती. तेच पान उघडलं आणि सगळ्यांकडे फिरवलं. सांगितलं की हिनोसावाच्या लेखात लघवीची मोजणी वगळली, ती वगळायला जे कारण दिलं ते खोटं होतं आणि देताना मला ते खोटं असल्याचं माहीत होतं. मीठ दहा ग्रॅम नव्हतं, वीस होतं. लेख मी मागे घेते आहे, तसं पत्र मासिकाला सकाळीच टाकलं आहे.

एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "पण तुम्ही ते वगळलं का?"

"मला हवा तो आकडा ताटांनी दिला होता म्हणून."

मग तोगाशी म्हणाले, आणि मला वाटतं ते माझ्यासाठीच म्हणाले, "पण मॅडम, ताटं आणि बाटल्या जुळत नव्हत्या याचा अर्थ गावकऱ्यांनीच काहीतरी लपवलं असेल. मूळ चूक तिकडची नाही का?"

दोष आईवर ढकलायचा तो दरवाजा उघडा होता. आई तिथे उभी होती असं म्हणता येईल.

मी म्हटलं, "गावकऱ्यांकडे जे मागितलं ते सगळं त्यांनी दिलं. ताटं दिली आणि बाटल्याही दिल्या. दोन्ही माझ्यासमोर होतं. न जुळणारं काय आहे हे विचारायला जाणं माझं काम होतं. मी गेले नाही."

यात एक शब्दही खोटा नाही, इसामू. नाव घेतलं नाही, आणि खोटंही बोलले नाही. तुझ्या कार्डावरच्या चार ओळींतून ही वाट निघाली, नाहीतर मला दिसली नसती.

गाडी बंद करण्याचा प्रस्ताव पुढे ढकलला. नव्यानं मोजणी होईपर्यंत गाडी येत राहणार, परिचारिकाही. मोजणी बाटल्यांची होईल. मला समितीतून मुक्त करावं असं मीच लिहून दिलं, ते लगेच मान्य झालं. बाहेर पडताना तोगाशींनी वाकून नमस्कार केला नाही. त्यांच्याही दोन लेखांना आता आधार उरला नाही. मी समजू शकते.

घरी आले तर हात्सुएकाकू दारात.

"काय झालं? ओरडले का तुला?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"गाडी येणार आहे, काकू. तुम्ही जायचं आहे."

"मी शहाऐंशीची! माझ्या पोटात आता काय बघणार?"

"लोणचं," मी म्हटलं. त्या खूप हसल्या. यादीत त्यांचं नाव मी लिहून आले आहे.

गाडी ६ डिसेंबरला येते. तुझंही नाव घालावं असं मनात आलं. पण ती फक्त इथे राहणाऱ्यांसाठी असते, आणि खोटा पत्ता मी लिहिणार नाही. आता तर नाहीच. परवा तू जेवल्यावर पुन्हा बरगड्यांखाली हात दाबलास. मी बघत नाही असं तुला वाटलं. तू क्रमांक सतरामधला आहेस. आईच्या दोन पातेल्यांतलं खरं तू तीस वर्षांहून अधिक खाल्लं आहेस, वर माझ्या वाट्याचंही. हाकोदातेत बंदराजवळ दवाखाना आहे, तुझ्या बायकोला, कियोमीला, माहीत असेल. याच आठवड्यात जा. नळी घालून पोट बघतात, दहा मिनिटांचं काम. काय निघतं ते मला कळव. चांगलं असो, वाईट असो, जसं असेल तसं.

आज सकाळी ताट ठेवायचं नव्हतं. एकोणपन्नास दिवस संपले. तरी हातानं दोन वाट्या सूप काढलं गेलं. एक मी घेतलं. दुसरं तुझ्या जागेवर ठेवलं आहे, खिडकीकडच्या. मीठ मोजलेलं नाही, पण कमी आहे. तू आलास की खारट करीन, आधी दवाखान्याचा कागद दाखवायचा.

ताई